हमाली स्प्रिंगची, पगार मोटरला

मिनेसोटात घराला पुढचं दार असतं ते पार्सल टाकणाऱ्यांसाठी, हॅलोविनला गोळ्या मागत येणाऱ्या पोरांसाठी आणि घर विकायला काढलं की फोटोसाठी. घरची माणसं त्या दाराच्या वाटेला जात नाहीत. आम्ही मराठी मंडळी मात्र त्याचे भारी लाड करतो. दसऱ्याला झेंडूचं तोरण (बहुधा प्लॅस्टिकच्या झेंडूचं), चौकटीवर गणपती, उंबऱ्याशी लक्ष्मीच्या पावलांचे स्टिकर. एवढं सगळं करून झालं की गाडीत बसतो, बटण दाबतो आणि गॅरेजच्या दाराने निघून जातो. लक्ष्मी खरोखरच आली, तर ती पुढच्या दाराशी बेल वाजवत थंडीत कुडकुडत राहील, आणि आम्ही पलीकडे गॅरेजमध्ये कॉस्टकोतून आणलेल्या तांदळाच्या पिशव्या उतरवत असू.

हे गॅरेजचं दार किरकोळ प्रकरण नव्हे. दोन गाड्यांच्या गॅरेजचं दार साधारण १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच असतं. लाकडाचं की पत्र्याचं, आत फोम भरलेला की नुसताच पत्रा, यावर वजन ठरतं. ७० किलोपासून सुरू होऊन ते दीडशेच्या घरातही जातं. घरात हलणारी याहून मोठी वस्तू नाही. दिवसातून कितीदा तरी ती आमच्या डोक्यावरून सरकत जाते, आणि आम्ही तिच्याखाली उभे राहून बुटांचा बर्फ झटकत फोनवर बोलत असतो. इतकी श्रद्धा आमच्यातले भाविकसुद्धा देवावर ठेवत नाहीत.

शिवाय गॅरेज गाडीसाठी असतं हा नुसता समज आहे. आमच्याकडे ते आधी चपलाबुटांचं, मग दुसऱ्या फ्रीजचं, मग गणपतीच्या मखराच्या सामानाचं, आणि जागा उरलीच तर गाडीचं. घरात तळलं तर तेलाचा वास गालिच्यात आठवडाभर मुक्काम करतो, म्हणून दिवाळीच्या चकल्या गॅरेजमध्ये, गॅसच्या छोट्या शेगडीवर, दार उघडं टाकून. उघडं टाकूनच हं. बंद गॅरेजमध्ये शेगडी काय किंवा चालू ठेवलेली गाडी काय, कार्बन मोनॉक्साइड वाससुद्धा न देता जीव घेतो. तर बाहेर शून्याच्या आसपासची हवा, आणि उघड्या गॅरेजमध्ये जाडजूड जाकीट, माकडटोपी घालून सोऱ्या फिरवणारी बाई दिसली, की ते घर कोणाचं हे पाटी वाचून ठरवावं लागत नाही. जानेवारीत याच जागेचा फ्रीझर होतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी आदल्या दिवशी केलेली आमटी पातेल्यासकट तिथे ठेवतात. दुसऱ्या दिवशी ती गरम करण्याआधी फोडावी लागते.

आमच्याकडची थंडी हा बढाईचा विषय आहे, त्यामुळे आकडे सगळ्यांना तोंडपाठ. ३० जानेवारी २०१९ ला मिनिॲपोलिसमध्ये पारा उणे २८ फॅरनहाइटवर गेला, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे ३३. राज्याच्या उत्तरेला टॉवर नावाचं गाव आहे. तिथे २ फेब्रुवारी १९९६ ला उणे ६० फॅरनहाइट, म्हणजे उणे ५१ सेल्सिअस नोंदलं गेलं आणि तो अजून राज्याचा विक्रम आहे. अशा दिवसांत पुण्याहून भावाचा फोन येतो, "अरे, काय गारठा पडलाय, नऊ अंश!" आम्ही काही बोलत नाही. नाकातले केस गोठणं म्हणजे काय हे फोनवर समजावता येत नाही.

अशा हवेत दाराचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. जुलैच्या तीस अंशांतून जानेवारीच्या उणे तीसमध्ये येईपर्यंत १६ फुटी पोलादी दार सुमारे साडेतीन मिलिमीटरने आखडतं. रुळांमधलं ग्रीस, जे उन्हाळ्यात ओघळत असतं, ते घट्ट होऊन चाकांना धरून ठेवतं. तळाची रबरी पट्टी कडक होते. आणि हे सगळं होत असताना दाराच्या वर, आडव्या दांड्यावर गुंडाळलेली स्प्रिंग आपला पीळ सांभाळत गप्प बसलेली असते.

मग एका पहाटे गॅरेजमध्ये सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज होतो.

घरातले सगळे दचकून उठतात. चोर असेल, पाणी तापवायची टाकी फुटली असेल, छपरावरचा बर्फ कोसळला असेल, अशा शक्यता पांघरुणातूनच चर्चिल्या जातात. कोणीतरी हातात बॅट घेऊन खाली जातं. गाडी जागेवर, फावडं जागेवर, आमटी जागेवर. काही झालेलं नाही असं ठरवून सगळे पुन्हा झोपतात. खरा उलगडा आठ वाजता, ऑफिसला निघताना होतो. बटण दाबलं की मोटर गुरगुरते, दार चार बोटं वर येतं, क्षणभर विचार करतं आणि थांबतं. वर मान करून पाहावं तर स्प्रिंगचे दोन तुकडे झालेले, मध्ये दोन-तीन इंचांची फट.

आमच्या दाराने हा प्रयोग केला तेव्हा सासरे आमच्याकडे होते, मुलाच्या बारशासाठी आलेले. सांगलीच्या गणपती पेठेत त्यांचं कापडाचं दुकान. उभी हयात रोज सकाळी शटर वर आणि रात्री शटर खाली. डिंकाच्या लाडवांचा डबा हातात घेऊन ते गॅरेजच्या पायरीवर येऊन उभे राहिले, वर पाहिलं आणि निकाल दिला.

"जावईबापू, स्प्रिंग गेली."

"हो, पण मला वाटतं मोटरही गेली. ओढतच नाहीये."

"मोटरचा काय संबंध? आमच्या शटरला कुठे मोटर असते? तरी बारा वर्षांचं पोरगं एका हाताने उचलतं ना?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मी अमेरिकेत राहून इतक्या वर्षांत कोणाकडून ऐकलं नव्हतं. दुकानाच्या शटरच्या वर जो पाइप असतो, त्याच्या पोटात स्प्रिंगा असतात. रात्री आकडीने शटर खाली ओढताना आपण त्या स्प्रिंगांना पीळ देत असतो, आणि सकाळी शटर उचलताना तोच पीळ त्या परत करतात. म्हणून मणामणाचा पत्रा एका हाताने वर जातो. इथेही तेच. दार खाली आलं की दोन्ही टोकांच्या तारेच्या दोरांनी दांडा फिरतो आणि स्प्रिंग पिळली जाते. वर जाताना तीच बहुतेक सगळं वजन उचलते. मोटरला उरतो तो पाच-सहा किलोंचा धक्का. स्प्रिंग शाबूत असेल तर दोन बोटांनी दार वर जातं, आणि तुटली की अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर हात वर करते.

"म्हणजे हमाली स्प्रिंगची आणि पगार मोटरला," सासरे म्हणाले आणि लाडवाचा घास घेतला.

या वाक्याने मला पुढे बराच काळ सतावलं. कारण हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात जा, मोटरींच्या खोक्यांची भिंत असते. अर्धा हॉर्सपॉवर, पाऊण हॉर्सपॉवर, साखळीवाली, पट्ट्यावाली, आवाज न करणारी, फोनला जोडणारी. स्प्रिंगचा फोटो एकाही खोक्यावर नाही. मोटरपासून दाराकडे जाणाऱ्या रुळाखाली लोंबणाऱ्या लाल दोरीचीसुद्धा कोणी चौकशी करत नाही. ती ओढली की मोटर दारापासून सुटते. मग दार हाताने अर्ध्यावर न्यायचं आणि सोडून द्यायचं. स्प्रिंग ठीक असेल तर ते तिथेच तरंगत राहतं. धपकन खाली आलं किंवा आपोआप वर गेलं, तर तोल बिघडला म्हणून समजावं. फुकटची तपासणी, वर्षातून दोनदा करायची. फक्त एक: दार वर असताना, स्प्रिंग तुटल्याचा संशय असताना ती दोरी ओढू नये, कारण मग दीडशे किलो आपल्या शब्दाला मान देऊन खाली येतात.

आणि स्प्रिंग स्वतः बदलू नये. हे मी ठळकपणे लिहितो, कारण आमच्या मंडळात प्रत्येक गोष्ट स्वतः करणारे मेकॅनिकल इंजिनिअर भरपूर आहेत. ७ फुटी दाराच्या स्प्रिंगला साडेसात पीळ द्यावे लागतात. त्यासाठी बेताच्या जाडीच्या दोन पोलादी सळया मिळतात, आणि एक सळई भोकात असल्याशिवाय दुसरी काढायची नाही हा त्यांचा धर्म आहे. सळयांऐवजी स्क्रू-ड्रायव्हर वापरणाऱ्यांची बोटं, मनगटं आणि दात यांची कहाणी इथल्या कुठल्याही आणीबाणी विभागातल्या नर्सला विचारावी. एका मित्राच्या बायकोने तर थंडी सुरू झाली की शिडी शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची प्रथाच पाडली आहे.

तेव्हा कारागीर बोलवायचा. पण कडाक्याची थंडी एकाच रात्री सगळ्या गावात पडते, त्यामुळे स्प्रिंगाही सगळीकडे एकाच पहाटे फुटतात आणि कारागिराचा नंबर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लागत नाही. आमच्याकडे आलेला गृहस्थ उणे तेविसात हातमोजे न घालता उतरला, आभाळाकडे बघून "तसा काही वाईट दिवस नाही" म्हणाला, आणि दाराकडे न पाहता पहिला प्रश्न विचारला, "घर कोणत्या सालचं?"

घराचं साल कळलं की दाराचं दुखणं त्याला निम्मं कळतं. पुढे त्याच्याशी बोलताना आणि मित्रांच्या घरी डोकावताना मलाही ते थोडंफार उमगलं.

सगळ्यांत खट्याळ दारं १९२० च्या आसपासच्या घरांची. दक्षिण मिनिॲपोलिसमध्ये किंवा सेंट पॉलच्या जुन्या भागात घरांच्या ओळींमागून बोळ जातो, आणि बोळावर एका गाडीची सुटी गॅरेजं उभी असतात, घरापासून अंग चोरून. मोटारगाडी नवीन होती तेव्हा घोड्याच्या तबेल्याचाच नकाशा वापरून बांधलेली. दोन लाकडी फळ्या, बिजागऱ्या बाजूला, दोन्ही बाहेर उघडणाऱ्या. उन्हाळ्यात छान दिसतात. हिवाळ्यात नगरपालिकेचा नांगर बोळातला बर्फ लोटत जातो आणि प्रत्येक गॅरेजच्या तोंडाशी गुडघाभर वरंबा करून ठेवतो. तो वरंबा उपसल्याशिवाय फळ्या उघडत नाहीत, आणि उपसायचं फावडं गॅरेजमध्ये. माझ्या मावसबहिणीचं घर असं आहे. तिने लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात स्वयंपाकाच्या परातीने बर्फ काढला, आणि तेव्हापासून तिच्या घरात एक फावडं न्हाणीघराच्या बाहेर उभं असतं. पाहुणे विचारतात. ती सांगत नाही.

या गॅरेजांचा दुसरा रोग जमिनीखालचा. हिवाळ्यात इथली जमीन खोलवर गोठते. ट्विन सिटीजमध्ये घराचा पाया ४२ इंच खाली नेऊन ठेवावा लागतो, उत्तरेत ६० इंच, म्हणजे तो गोठणाऱ्या थराच्या खाली राहतो. पण जुन्या सुट्या गॅरेजला असा खोल पाया कोण करणार? काँक्रीटची लादी सरळ मातीवर टाकलेली. मातीतलं पाणी गोठून फुगलं की लादी उचलली जाते, आणि सगळीकडे सारखी उचलली जाईल तर ती लादी कसली. एका कोपऱ्यात दार जमिनीला घासतं, दुसऱ्या कोपऱ्यात खारीला वाट मिळते. एप्रिलमध्ये सगळं पुन्हा जवळपास जागेवर येतं. बहिणीचे यजमान दर मार्चमध्ये दार तासायला रंधा काढतात आणि दर मार्चमध्ये ती तो लपवते, कारण मे महिन्यात तासलेल्या दाराखालून मांजर येईल हे तिला ठाऊक आहे.

वर सरकणारं दार निघालं नसतं तर आम्ही सगळेच परातीने बर्फ काढत राहिलो असतो. १९२१ मध्ये सी. जी. जॉन्सन या गृहस्थाने दाराचे आडवे तुकडे केले, ते बिजागऱ्यांनी जोडले आणि वळणाऱ्या रुळांतून सरळ वर, मग छताला समांतर नेले. दारासमोर कितीही बर्फ असो, दार बाहेर झुकतच नाही. लोकांना पटावं म्हणून त्याने छोटं दार फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या मागे बसवलं आणि देशभर दाखवत हिंडला. १९२६ मध्ये त्यानेच विजेवर दार उघडणारं यंत्रही आणलं. त्याच्या दाराच्या बिजागऱ्यांवर अजूनही १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात, खालून वर. रूळ वर जाताना चौकटीपासून किंचित दूर होत जातो, म्हणून प्रत्येक बिजागरीत चाक थोडं अधिक पुढे. उघडताना दार चौकटीला घासत नाही आणि बंद होताना शेवटच्या क्षणी दाबून बसतं. कोणी घाईत एकच्या जागी दोन बसवली की हिवाळ्यात वारा शिट्टी वाजवतो. एवढी साधी युक्ती करून माणसाने त्यावर आकडे टाकून ठेवले, मला त्याचं फार कौतुक वाटतं.

युद्धानंतरच्या घरांमध्ये, रिचफिल्ड आणि ब्लूमिंग्टनच्या त्या बैठ्या, एकमजली घरांत, बऱ्याच ठिकाणी मात्र एकसंध दार आलं. उघडताना ते अख्खंच्या अख्खं कलतं, बूड बाहेर फेकतं आणि छताखाली आडवं होतं. जवळ उभ्या गाडीच्या बंपरला आणि समोर साचलेल्या बर्फाला ते बूड आधी भेटतं. याच्या स्प्रिंगा वर पिळलेल्या नसतात, बाजूंना ताणलेल्या असतात. अशी जुनी ताणलेली स्प्रिंग तुटली आणि तिच्या पोटातून सुरक्षेची तार ओवलेली नसेल, तर ती गॅरेजभर हिंडते. कारागीर अशा घरात गेला की आधी ती तार आहे का ते बघतो, मग "नमस्कार" म्हणतो.

साठ-सत्तरच्या दशकातल्या लाकडी तुकड्यांच्या दारांबद्दल एवढंच: ती पाणी पितात, त्यावर दर मालक रंगाचा एक थर चढवतो, दार जडावत जातं आणि स्प्रिंग मात्र मूळ वजनासाठी घेतलेली. वरून एखादा हौशी माणूस थंडीला उपाय म्हणून आतून फोमचे तक्ते चिकटवतो. तोल गेला म्हणून मोटर बदलली जाते. पगारवाढ पुन्हा मोटरलाच.

ऐंशी-नव्वदच्या घरांत गॅरेज घराला चिकटलं, दार पातळ पत्र्याचं झालं आणि गॅरेजच्या डोक्यावर एक झोपायची खोली आली. ही खोली घरात सर्वांत गार. भारतातून आलेल्या पाहुण्यांना नेमकी तीच देतात.

याच काळातला एक बदल मात्र मनापासून मोलाचा. आधीच्या यंत्रांना खाली काय आहे याची पर्वा नसे आणि मुलं दाराखाली सापडून जीवानिशी गेली होती. १ जानेवारी १९९३ पासून अमेरिकेत बनणाऱ्या घरगुती यंत्रांना आणखी एक राखण सक्तीची झाली; बहुतेक ठिकाणी ती म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत बसवलेले दोन डोळे. एक किरण सोडतो, दुसरा घेतो. मध्ये कोणी आलं की उतरणारं दार परत फिरतं. ते रांगत आलेल्या बाळासाठीही थांबतं आणि उडत आलेल्या पालापाचोळ्यासाठीही. हिवाळ्यात या डोळ्यांवर दव गोठतं. डिसेंबरात सूर्य साडेचारला मावळतो आणि त्याआधी तासभर इतका खाली असतो की त्याचे किरण थेट घेणाऱ्या डोळ्यात शिरतात. डोळा दिपतो, दार खाली यायला तयार होत नाही, आणि गृहस्थ अंगणात बटण दाबत उभे राहतात. उपाय सोपा आहे. दोन्ही डोळ्यांची अदलाबदल करायची, म्हणजे घेणारा डोळा सावलीत जातो. तोवर भिंतीवरचं बटण दार पूर्ण खाली येईपर्यंत दाबून धरायचं.

सर्वांत नवी घरं मेपल ग्रोव्ह, वुडबरीकडची. हिंदू मंदिर मेपल ग्रोव्हलाच आहे, त्यामुळे आमची निम्मी जनता तिकडे. इथली दारं फोम भरलेली, नायलॉनच्या चाकांची, पट्ट्यावर चालणारी, आवाज न करणारी आणि चोवीस तास फोनवर बोलणारी. तिथला एक मित्र हिवाळ्यात पुण्याला गेला होता. लक्ष्मी रोडवर भर दुपारी साड्यांच्या ढिगासमोर बसलेला असताना फोन किणकिणला: गॅरेजचं दार बंद होऊ शकलं नाही. मिनेसोटात मध्यरात्र उलटून गेलेली, साडेअकरा तासांचा फरक. त्याने तिथूनच शेजाऱ्याला उठवलं. शेजारी बर्फात जाऊन पाहतो तो, गोठलेल्या बर्फाचा एक गोळा रुळात. शेजाऱ्याने तो लाथेने काढला. मित्राने परत येताना त्याच्यासाठी चितळ्यांची बाकरवडी आणली.

या वसाहतींचा खरा गमतीचा रोग वेगळा. साधारण स्प्रिंग १०,००० वेळा दार वर-खाली होईपर्यंत टिकेल अशी बनवतात. रोज चार खेपा धरल्या तर सुमारे सात वर्षं. पण मराठी घरात चार खेपांवर कोणाचं भागतं? पोहणं, भरतनाट्यम, गणिताचा क्लास, रविवारची मराठी शाळा, विसरलेलं दूध. आठ खेपा सहज. साडेतीन वर्षांत स्प्रिंगचा जीव जातो. आणि अख्खी गल्ली एका बिल्डरने एकाच उन्हाळ्यात बांधलेली, सगळ्यांच्या स्प्रिंगा एकाच मालाच्या, एकाच दिवसांत बसवलेल्या. "एका घरी गेलो की मी गाडी लगेच काढत नाही," कारागीर म्हणाला. "समोरचा येतोच विचारायला."

मग थंडीचं काय, असं मी त्याला विचारलं. त्याचं म्हणणं, थंडी स्प्रिंग तोडत नाही, तुटायला आलेली उघडी पाडते. वर्षानुवर्षं पिळून-सुटून तारेत बारीक चीर गेलेली असते. गाड्या रस्त्यावरचं मीठ आणि बर्फाचं पाणी आत आणतात, दमट हवेत तारेवर गंज चढतो आणि चिरेला आयती सुरुवात मिळते. गारठ्यात पोलादाचा चिवटपणा कमी होतो, त्यात घट्ट झालेल्या ग्रीसमुळे ओढ वाढते, आणि पहाटेच्या सर्वांत गार घटकेला ती सुटते.

नव्या-जुन्या सगळ्या घरांना समान असलेला एकच आजार म्हणजे दार जमिनीला गोठून बसणं. गाडीखालचा बर्फ आत वितळतो, पाणी उताराने दाराशी जातं आणि रबरी पट्टीखाली रात्री गोठतं. सकाळी बटण दाबलं की मोटर ओढते, दार सुटत नाही. तेव्हा बटण पुन्हा दाबू नये. पट्टी फाटते किंवा मोटरच्या आतलं प्लॅस्टिकचं चक्र दात गमावतं. केस वाळवायचं यंत्र फिरवावं, प्लॅस्टिकच्या खरवडणीने कड सोडवावी. कोमट पाणी ओतलं तर ताबडतोब पुसून घ्यावं, नाहीतर नवा बर्फ ताजा तयार. मीठ टाकलं की काँक्रीट खातं. पट्टीला थंडीआधी सिलिकॉनचा फवारा मारून ठेवावा, हे सगळ्यांना माहीत असतं आणि फेब्रुवारीत आठवतं.

आमच्या दाराला दोन स्प्रिंगा होत्या. कारागिराने दोन्ही बदलायचा भाव सांगितला. सासरे पायरीवरून उतरले.

"त्याला सांगा, एकच तुटलीय, एकच बदला."

मी सांगितलं. तो म्हणाला, "दोन्ही एकाच दिवशी बसवलेल्या, दोन्हींच्या खेपा सारख्याच. एक बदलली तर दुसरीसाठी मार्चमध्ये मी परत येईन आणि फेरीचे पैसे परत घेईन."

सासऱ्यांनी हे मनात तोललं. समोरचा माणूस आपला पुढचा धंदा स्वतः बुडवतोय, हे त्यांना पेठेतल्या अनुभवात बसत नव्हतं. "मग रोख दिले तर काही?" त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. मी हे भाषांतर केलं नाही. कारागिराने तरीही ते समजून हसून मान हलवली. भाव करणाऱ्याची भुवई सगळीकडे सारखीच उडते.

काम तासाभरात झालं. सळया, पीळ, मग लाल दोरी ओढून दार अर्ध्यावर नेलं आणि सोडलं. ते तरंगत राहिलं. सासऱ्यांनी एका बोटाने ते उचललं, खाली ओढलं, परत उचललं. दहा हजारांतल्या चार-पाच खेपा तिथेच खर्च झाल्या. मग त्यांनी जुन्या स्प्रिंगा मागितल्या. "भंगारात किलोवर जातात," असं कारण दिलं, पण एक तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून वरच्या खोलीत गेला.

परतीच्या वेळी २३ किलोंच्या बॅगेत तो तुकडा सापडला. सासूबाईंनी बदामाची दोन पाकिटं, जावेसाठी घेतलेलं हँडलोशन आणि व्हिटॅमिनच्या गोळ्यांचा मोठा डबा बाहेर काढला आणि बॅग बसली. घरी पोचल्यावर बॅग उघडली तर आत विमानतळावरच्या तपासणी खात्याची छापील चिठ्ठी होती की आम्ही आपलं सामान उघडून पाहिलं आहे. स्प्रिंग मात्र जशीच्या तशी.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी ती पेठेतल्या शटरवाल्याला नेऊन दाखवली. कुठून आणली, किती गार होतं, कसा आवाज झाला, सगळं सांगितलं. त्याने ती हातात फिरवली, तुटल्या टोकावरून अंगठा फिरवला, अंगठ्याला लागलेला गंज पाहिला.

"तिकडं ग्रीस मिळत न्हाई व्हय, आण्णा?"